अर्धं तिकीट

दैठण्याच्या पाटीवरचा 'दै' आधी जातो.
उरतो नुसता 'ठणा'.
म्हणजे ठणका यायला अजून वीस मिनिटं आहेत,
फार तर पंचवीस.

मग खिडकीतल्या माणसाला एक कान नसतो,
नोटेवर आकडा नसतो,
नजरेच्या कडेला करवतीचे दाते चमकत सरकतात,
वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखे, पण मुके.
मी पाचशेची नोट दोनदा उलटून बघते.
लोक म्हणतात, कंडक्टर बाई लई संशयी.

बायकांना अर्धं तिकीट लागू झालं
तेव्हा डेपोत मी म्हणाले होते,
मला तर कधीचंच लागू आहे:
अर्धं कपाळ, अर्धी गाडी, अर्धा महिना.
कुणी हसलं नाही.
सगळे मशीनमध्ये रोल भरत होते.

सासूने सूर्य उगवायच्या आत
दूध-जिलबी खाऊ घातली, एकवीस दिवस.
जिलबी चांगली होती.
कुणी नाकात तूप सोडलं, कुणी सुंठ उगाळली,
पूर्णेच्या एका बाबाने कागदावर काहीबाही लिहून
दंडाला बांधलं, ते धुण्यात गेलं.
नणंद म्हणाली, ड्यूटी चुकवायची नाटकं.
तिला काय दाखवू?
ताप नाही, सूज नाही,
फोटोत डोकं स्वच्छ,
सारवलेल्या अंगणासारखं.

परभणीच्या तस्नीम डॉक्टर पहिल्या,
ज्यांनी विचारलं, "दुखायच्या आदल्या दिवशी काय काय झालं?"
आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या.
तेव्हापासून जुन्या वेबिलांच्या पाठीवर लिहिते:
सोमवार. मुक्कामी गाडी, झोप चार तास.
गुरुवार. जेवण साडेतीनला, काचेवरची तिरीप.
शनिवार. पुढच्या बाईचं मोगऱ्याचं तेल. उद्या पाळी.
परत शनिवार. काहीच नाही, तरी.
हे 'काहीच नाही, तरी' सगळ्यात जास्त वेळा येतं.
डॉक्टर म्हणाल्या, तेही लिहा.
गोळी लवकर घ्या, ठणका मुरू देऊ नका,
पण महिन्याला मोजून,
नाहीतर गोळीच दुखणं आणेल.
मी मोजते. सुट्ट्या पैशांची सवय आहे.

मुंजाजी दुधाटे, ड्रायव्हर,
गेल्या चैत्रात फाट्यावर गाडी बाजूला घेऊन म्हणाले,
"मॅडम, आज दोरी ओढू नका.
तुमी नुस्ता हात वर करा, म्या आरशात बघतो."
ती घंटी डोळ्यामागे कशी वाजते
हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.
धाकट्या बहिणीचं असंच होतं, एवढंच बोलले,
आणि मोबाइलवरची गाणी बंद केली.

डेपोतल्या लेडीज रेस्टरूमला पडदा नाही.
आम्ही तिघींनी खिडकीला
कुणा भाऊंच्या वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स ठोकलं.
भाऊंचं हसू बाहेर, उन्हात.
आत काळी पाठ, कामापुरता अंधार.
तिथे ओला टॉवेल कपाळावर, बादली हाताशी.
भिंतीपलीकडचा हॉर्न
पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो.
बाहेर कुणीतरी ओरडतं, गंगाखेड, गंगाखेड,
आणि मी त्या गावाची नसते, कुठल्याच गावाची नसते.

मागच्या मंगळवारी
ठणका उतरला होता, पण अंग पिळून टाकल्यासारखं.
पोखर्णीला एक म्हातारी चढली,
माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली,
"अर्धशिशी व्हय माय?
मलाबी होती. चाळीस वर्सं.
मंग गेली, सांगून बी गेली न्हाई."
आणि सुकटीचं गाठोडं
मला वास लागू नये म्हणून पदराखाली घेतलं.
वास यायचा तो आलाच.

पंचाहत्तर ओलांडलेली. तिचं तिकीट शून्याचं.
मशीनने ते कुरकुरत छापलं.
शून्य.
दोन्ही बाजूंनी अख्खं.
मी ते दोनदा वाचलं,
तिच्या हातात दिलं,
आणि हात वर केला.