टेकू

रात्री लावली तेव्हा ताठ होती.
सकाळी मागचा डावा पाय मुडपून बसलेली,
गाभण म्हशीसारखी.
हरेश्वर दोरकुळकर म्हणाला, हसनभाय, हिला उठव.

तिसऱ्या हातची बेंटली.
दोन हंगामांचं पापलेट विकून हर्णैला आणलेली.
कोटींची गाडी बावीस लाखांत, सांगत फिरला बंदरभर.
मी तेव्हाच म्हणणार होतो,
गाडीची किंमत उतरते रे,
पार्टची उतरत नाही.

आडवा झालो खाली.
एअर स्प्रिंगचं रबर तडकलेलं, नुसत्या वयानं.
वायरींवरचा हिरवा गंज मात्र आपला, इथला.
झाकणाखाली झाकण, त्याखाली आणखी एक.
ट्रॉलरच्या इंजिनात माझा हात खांद्यापर्यंत जातो,
इथं करंगळी शिरेना.

पुण्याला फोन लावला.
एका बाजूचे दोन लाख चाळीस.
कॉम्प्रेसर वेगळा. मजुरी वेगळी.
आणि त्यांचा कॉम्प्युटर नवीन पार्ट ओळखेस्तोवर
ती उठायची नाही.

हरेश्वर बोललाच नाही.
पांढऱ्या चामड्याच्या सीटवर बसून राहिला,
दार उघडं, पाय बाहेर, चपलेला वाळू.
डिझेलचा हिशेब करत असावा, किंवा बर्फाचा.

मग मी सागाचा ठोकळा आणला,
जॅकनं उचलून खाली सारला.
गाडी सरळ झाली.
चालायची नाही,
पण रस्त्यावरून बघणाऱ्याला कळणार नाही.

"किती झाले?"
काही नाही, म्हटलं.
ठोकळा तेवढा मेअखेर परत दे.
तुझीच होडी शाकारायचीय त्याच्यावर.