सातवा धडा

माझं पोर्तुगीज सातव्या धड्यावर आहे,
भूतकाळ अकराव्यात येतो.
म्हणून कोनिंब्रिगाच्या फाटकाशी
मी देओलिंदाबाईंना म्हणाले,
"इथे रोमन लोक राहतात."
त्यांनी चूक सुधारली नाही.
"हो, पण आत्ता दुपार आहे," म्हणाल्या,
"झोपले असतील."

आर्मिंदो पुढे, काठी टेकत,
विकाऊ जमीन बघायला निघाल्यासारखे.
फ्रान्सात तीस वर्षं गवंडीकाम.
प्रत्येक जोत्याशी वाकतात, नखानं चुना खरवडतात,
रखवालदार बघतोय का ते बघतात,
आणि मला सांगतात: पक्का आहे.

जमिनीवर खड्यांचा ससा,
मागे खड्यांचा कुत्रा,
मधे वीतभर अंतर.
मी वीत टाकून पाहिली.

कारंज्यांच्या घरात
यंत्रात नाणं टाकलं की पाणी उडतं.
देओलिंदाबाईंनी पर्स उलटीपालटी केली,
बसचं तिकीट, जपमाळ, मग पन्नास सेंट.
सगळ्या नळ्या एकदम खाकरल्या.
आम्ही तिघं गप्प उभे,
पैसे संपेपर्यंत.

आणि मग ती भिंत.
शत्रू येतोय म्हणून घाईनं उभी केलेली,
सरळ वस्तीमधून,
कुणाच्या तरी माजघरातून.
दगड कुठले, तर
जी घरं बाहेर राहिली त्यांचेच.
एक नक्षीचा खांब आडवा दडपलाय,
बाजूच्या चिऱ्यावर कुणाचं तरी नाव, उलटं.
मला विचारायचं होतं, बाहेरचे लोक कुठे गेले?
तोंडून आलं,
"बाहेरचे लोक कुठे जातात?"

"लक्झेंबर्गला," आर्मिंदो म्हणाले
आणि स्वतःच हसले.
देओलिंदाबाई हसल्या नाहीत.
पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, लावली.

त्यांच्या सेलियाच्या खोलीत मी झोपते.
तीन खण मला रिकामे करून दिलेत,
चौथा अडकतो, म्हणतात, ओढू नकोस.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
सगळ्यात वरची माझ्या भुवईशी येते.

रात्री आईचा फोन: काय काय पाहिलंस?
मराठीत मला सगळे काळ येतात.
तरी म्हणाले,
एक घर आहे, त्याच्या मधून भिंत जाते.
"मग राहतात कसे?" आईनं विचारलं.

खालून ताटांचा आवाज.
देओलिंदाबाई जेवायला हाक मारतात,
आधी तिच्या नावानं,
मग माझ्या.