भरलेली बरणी

आधी बोटाच्या पेराने टकटक करायची.
धड बरणी घंटेसारखी बोलते,
तडकलेली खोकते.
डोळ्याला न दिसणारा तडा
कानाला कळतो.
तेहतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
काचा विसळून मी हे शिकलो.
भंगारवाल्या मजीदला मात्र वाटतं
त्यानेच मला शिकवलं. वाटू दे.
त्यामुळे तो भाव कमी लावतो.

पडवीत आता एकेचाळीस झाल्या.
तपकिरी खांद्यांच्या, पोटाशी सायीच्या रंगाच्या.
एक शाईची दगडी बाटली, कुठल्याशा कचेरीतली,
जिच्या तळाशी निळं अजून खरपुडीसारखं धरून आहे.
दोन हिरवट काचेच्या, अंगभर बुडबुडे;
फुंकणाऱ्याला बहुधा घाई होती.
आणि ती उंच, घासलेल्या बुचाची,
शाळेने लिलावात काढलेली, रीतसर पावतीवर घेतलेली.
तिच्यात एक बेडूक
माझ्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं
हात पुढे करून उभा होता.
बेडूक मी माडाच्या आळ्यात पुरला.
बरणीत साखर भरूया म्हणते शशिकला.
मी अजून धजलेलो नाही.

मजीद म्हणाला, उभादांड्याला
रुझायबाईंकडे आहे एक. अदमणी. दोन कानांची.
मुलाने फ्रीज घेतलाय, म्हणजे निघेलच.

गेलो. वाळूतून सायकल ढकलत गेलो.
ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुंबळीवर बसलेली,
तोंडाला दादरा, दादऱ्यावर सुंभ,
सुंभाला अशी गाठ
जी फक्त होडीवाले मारतात.

“पैशे नको,” रुझाय म्हणाली,
“पण रिकामी नाय ती.
शिरक्यातले बांगडे आसत.
कायतानान आणलेले, जायच्या आधीच्या आठवड्यात.
माका एकटीक गिळनत नाय.
आणि टाकूचे नायत.”

फ्रीज मागे घुं घुं करत होता.
त्यात, तिने उघडून दाखवलं,
पाण्याच्या बाटल्या आणि एक कलिंगड.

मग काय करायचं, मी विचारलं.
ती म्हणाली, आयतवारी ये.

तेव्हापासून रविवारी, मासऊन आल्यावर तिची,
बारा-साडेबाराला मी तिथे असतो.
ती गाठ सोडते. सवयीने नाही, बघून बघून,
परत तशीच मारता यावी म्हणून.
कोरडा डाव. आधी वास घेते.
एक बांगडा माझ्या ताटात, एक तिच्या,
उकडा भात, मिरचीने लाल झालेला रस,
दात शिवशिवतील असा आंबट.
फारसं बोलत नाही आम्ही.
एकदा तिने विचारलं, एवढ्या बरण्या,
त्यांत घालतोस काय?
मी म्हटलं, काही नाही.
तिला हसू आलं. मग आलं ते थांबेना.

मजीद रस्त्यात भेटला की विचारतो, मिळाली?
मिळेल, सांगतो. सध्या भरलेली आहे.
भरलेल्या बरणीवर टकटक करून उपयोग नसतो,
ती काहीच सांगत नाही.

पण तिच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला,
केसाएवढी बारीक पांढरी रेघ आहे, मिठाची.
आतला खार दोन पावसाळे
हळूहळू बाहेर येऊन वाळलाय.
अशा बरणीचं काय मोल असतं
ते मजीदलाही माहीत आहे आणि मला तर आहेच.
पहिल्याच दिवशी दिसली होती रेघ,
चुंबळीवरून बघायला वाकलो तेव्हा.

डाव आता तळाला लागतो.
गेल्या रविवारी मी म्हटलं, पोट बरं नाही,
अर्धाच वाढ.
रुझायने माझ्याकडे बघितलं,
बांगडा मधोमध मोडला,
शेपटीकडचं अर्धं परत आत सोडलं
आणि दादरा बांधायला घेतला.