बारदान

मार्चअखेर. हळदीचे सौदे भरात,
सांगलीच्या यार्डात परवान्यांसाठी रांग.
माझ्या पुढं आवटीशेठ, चार गाळ्यांचे धनी,
मागं दस्तगीर, दिवाळीनंतर हमालीला लागलेला.
फी सगळ्यांना एकच.
"आमच्याकडं भेदभाव नाही बघा,"
कुंभोजकर क्लार्क म्हणाले, शिक्का फुंकत.

शेठनी नोटा मोजल्या नाहीत.
दस्तगीरनं तीनदा मोजल्या,
कडांना पिवळ्या झालेल्या.

मी तोलार. एकवीस वर्षं काट्यापाशी.
पोतं चढलं की आधी बारदान वजा,
मग उरेल तो माल.
यार्डातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे.

म्हटलं, "साहेब, बेरीज बरोबर आहे,
फक्त बारदान धरलं नाही तुम्ही.
खोलीचं भाडं, आईचा दवाखाना,
याच्या घरात हे आधी वजा होतं."
ते हसले. वाईट माणूस नाही.
"फॉर्मात तसा रकानाच नाही, तात्या."

दुपारी सौदा थांबल्यावर
उगाच पावती ठेवून बघितली काट्यावर.
शून्य.
शंभर ग्रॅमच्या खालचं
तो धरतच नाही.

दस्तगीर त्या दिवशी
डबा खायला आला नाही.