डब्याचं वजन

पहिल्या रविवारी मी डबा पिशवीत लपवून नेला,
चोरीचा माल न्यावा तसा.
चेंबूरच्या मासळीबाजारात
दमयंतीबाईंनी नेहमीसारखी
काळी पिशवी फटकारून उघडली
आणि मी म्हटलं, थांबा. यात द्या.

"डबा? बारशाला आलीस काय गो?"

शेजारची कोलंबीवाली हसली,
बर्फ फोडणारा पोरगा हसला.
माझ्यामागे अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ होते,
ते हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

डबा काट्यावर चढला. दोनशे चाळीस.
"आता पाव किलो स्टील पन मांदेलीच्या भावानं देऊ काय?"
मग त्यांनी मोठ्यानं हिशेब केला,
सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा:
सातशे चाळीस वजा दोनशे चाळीस.
अर्धा किलो मांदेली
आणि तेवढीच शरम
घेऊन मी घरी आले.

डबा माझ्या लग्नातला.
बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कुमुदिनी गुप्ते यांजकडून सप्रेम, ९-५-९१.
तीस वर्षं त्यात फक्त पापडाचा चुरा होता.

त्याच संध्याकाळी कुरिअर आलं.
मीच मागवलेला एक कंगवा.
खोक्यात खोकं,
त्यात हवेनं फुगवलेल्या सहा उशा.
कंगव्याला इतकी गाढ झोप कशाला?
तो उघडताना मी पडदा ओढून घेतला.

श्रीरंग म्हणाला,
तुझ्या एका डब्यानं समुद्र काय गोड होणार आहे?
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
त्याच्या जुन्या लेंग्याच्या दोन पिशव्या शिवल्या
आणि दाराच्या कडीला अडकवल्या,
बाहेर जाताना डोक्याला लागतील अशा.

तरी विसरते.
एकदा आठ लिंबं ओढणीत बांधून आणली,
कोथिंबिरीची जुडी हातात, गुच्छासारखी.
लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, वाढदिवस का कुणाचा?
एकदा सरळ हात पुढे केला आणि पिशवी घेतली,
दमले होते म्हणून.
ती अजून सिंकखाली आहे, धुऊन, चौकोनी घडी घालून.
टाकवत नाही, वापरवत नाही.

मग एका रविवारी ओट्यावर मासळी थोडीच होती.
दमयंतीबाई बोटं चोळत बसल्या होत्या.
"काल डोलीत तीन टोपल्या आल्या," त्या म्हणाल्या.
"एक माझी. दोन तुमच्या."
माझ्या?
"दुधाच्या, वेफरच्या, काळ्या, पांढऱ्या.
निवडता निवडता बोटं सोलली."
पापलेटाच्या डोळ्यावर बसलेली माशी त्यांनी हाकलली.
"त्यातल्या निम्म्या मीच दिल्या असतील म्हना."

रागानं नाही म्हणाल्या.
भाव सांगावा तसं.

मी काहीच बोलले नाही. डबा पुढे केला.
त्यांनी तो उलटा केला,
नाव वाचल्यासारखं केलं,
कोयत्याचं टोक टेकवलं
आणि कुमुदिनीमामींच्या सप्रेमखाली
जोर लावून ओरखडलं: २४०.
"दर वेळी तोलत बसायला टाइम कुनाला हाय?"

माझ्यामागे तेच अर्ध्या चड्डीतले गृहस्थ.
हातात आईस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला चीर गेलेली.
माझ्याकडे पाहायचं टाळून
त्यांनी तो ओट्यावर ठेवला.
"बारशाला आलास काय रे?" दमयंतीबाईंनी विचारलं,
आणि या वेळी मी हसले,
जरा जास्तच.

आता घासताना अंगठ्याला आकडा लागतो.
मामींची अक्षरं यंत्राची, एका ओळीतली;
हा तिरका, चारचा पाय घसरलेला.
कितीही घासा, जात नाही.
वास जातो.
थोडं लिंबू लागतं.