मुसम्मात

बत्तीस वर्षं मी उदगिरात मीटर वाचले.
चालू रीडिंग वजा मागचं रीडिंग,
उरेल ते घराचं.
निवृत्तीनंतर दुसरं काही जमेना,
म्हणून आपल्याच घराचं मागचं रीडिंग शोधायला निघालो.
बायको म्हणते, या वयात लोकं गुडघे दाखवायला लातूरला जातात,
तुम्ही मेलेल्यांच्या मागं.

हेळवी होता आमचा. बिदरकडून नंदीवर बसून यायचा,
ओसरीवर कांबळं टाकून
सात पिढ्या एका दमात म्हणायचा,
मधे कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून.
त्याचा नातू सापडला भालकीच्या पेट्रोल पंपावर.
म्हणाला, आजोबाच्या चोपड्या उधईनं खाल्ल्या, काका.
कितीचं टाकू?
शंभराचं म्हणालो. टाकीत जागा नव्हती, थोडं सांडलं.

मग तहसीलची रेकॉर्ड रूम.
लाल फडक्यातले गठ्ठे, गाठ सोडली की शिंका.
सगळं उर्दूत. जन्मभर आकडे वाचलेला मी,
तिथं आकड्यांनीही ओळख दिली नाही.
मोइजोद्दीन सर आले, उर्दू शाळेतून रिटायर, भिंग घेऊन.
फी एक चहा, साखर डबल,
घरी सांगायचं नाही.

आमच्यात पक्कं आहे:
मूळपुरुष खंडोजी. डोणगावाहून आला. घोड्यावर.
म्हणून आम्ही डोणगावे.
घोडा पांढरा की अबलख, एवढाच वाद;
त्यावरून दोन चुलते
एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत.

सरांचं बोट उजवीकडून डावीकडं सरकत होतं.
सन तेराशे एक फसली.
थांबले. भिंग सदऱ्याला पुसलं.
"मुसम्मात राही. बेवा. साकिन डोणगाव.
बच्चे दो. भैंस एक."
आणि खंडोजी?
"है ना. बच्चों में. उम्र चार साल."
दुसरं लेकरू?
"स्याही फैल गई. आखिर में ई दिखती. लडकी होगी."
घोडा?
"घोडा किधर बी नै, डोणगावे साब.
भैंस है. दूध की."

डोणगाव ते इथं, चालत, दोन लेकरं, एक म्हैस.
कडेवर कोण होतं, दावं कुणाच्या हातात,
ते सरकारनं विचारलेलं नाही.
सरकारला फक्त म्हशीचा कर पाहिजे होता.
म्हणून राही कागदावर आली.

व्यंकटला फोन केला. भावकीच्या मेळाव्याचा फ्लेक्स
त्यानं छापून ठेवलाय, दहा बाय आठ,
शेंड्यावर घोडेस्वार, इंटरनेटवरून उतरवलेला.
म्हणाला, म्हैस पाण्यातच राहू दे, भाऊ.
पैसे गेलेत.

त्या फ्लेक्सवरचं झाड मीच काढून दिलं होतं.
एकशे सदतीस नावं, सगळी बाप्यांची.
माझी लेक नाही त्यात.
जागा पुरली नाही, असं सांगितलं होतं मी तिला,
आणि ती बरं म्हणाली होती,
लगेच म्हणाली होती.

घराला कुलूप दिसलं की आम्ही 'दार बंद' लिहायचो
आणि सरासरी लावायचो.
भावकीनंही तेच केलं.
राहीच्या मागचं कुणाला वाचता येईना,
लावली सरासरी: एक घोडा.

काल रात्री पेन्सिल घेऊन बसलो.
सगळ्यात वर राही. तिच्या वर, दार बंद.
खाली खंडोजी, वय चार, त्याच्या शेजारी रिकामी जागा,
शेवटी फक्त ई.
मग बहिणी, आत्या, सरूबाई जी बाळंतपणात गेली ती,
माझी लेक, तिची लेक.
कागद पुरेना, मागं दुसरा चिकटवला.
बायको उठून आली, दिवा किती वेळ जाळता म्हणाली,
मग उभ्यानंच तिच्या माहेरची तीन नावं सांगितली.

कोपऱ्यात म्हैसही काढली.
शिंगं नीट आली नाहीत.