पीळ

फार्मिंग्टन गाव मागे पडलं की चोकचेरी कॅन्यनमध्ये
एक दगडी पायरी आहे, गुडघ्याच्या वर येणारी.
तिने माझा ट्रक तिसऱ्यांदा परत पाठवला.
ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं
दगड धरायचं सोडून थडाथड नाचायला लागत,
आणि शेवटच्या उडीला खालून आवाज आला
सुपारी फुटल्यासारखा,
फक्त सुपारी मनगटाएवढी.
युनिव्हर्सल जॉइंट गेला.

ड्वेन त्सिनिजिनी गॅसच्या विहिरींवर वेल्डिंग करतो.
तो वाळूत पाठ टेकून आत सरकला, त्याच्या मागे मी,
एकावन्न वर्षांची, हॉस्पिटलच्या लॅबमधून तशीच आलेली.
त्याने पंजा आडवा धरला, मग बोटं वर वळवली.
चाक पुढे रेटतं तेव्हा एक्सल उलटा फिरू बघतो,
नाक वर काढतो, पाटा सापासारखा वळतो,
सोसेनासं झालं की सुटतो,
पुन्हा धरतो, पुन्हा सुटतो.
वर कुणीतरी उंचीच्या हौसेने
पाटा आणि एक्सलच्या मध्ये चार इंची ठोकळे घातलेले.
उंची मिळाली,
पिळायला तरफही मिळाली.

हे मला ठाऊक होतं.
इंग्रजीत ठाऊक नव्हतं एवढंच.

कराडला हायवेच्या कडेला आमचं कमानपाट्याचं दुकान.
बाबा लाल पान ऐरणीवर धरायचे, अण्णा घण घालायचा,
मी पावत्या लिहायचे.
घणाला माझा हात लागलेला चालायचा नाही.
बाबा म्हणायचे, पाटा वजन झेलायला असतो,
त्याच्यावर पीळ टाकू नये.
मग पीळ कुणी झेलायचा?
विचारलं नाही. पावतीवर तारीख घातली.

रात्री साडेनऊला फोन लावला, तिकडे सकाळचे नऊ.
दुकानाची जागा विकली त्या वर्षापासून
आम्ही एकमेकांना दिवाळीला फक्त पणतीचं चित्र पाठवतो.
आई आम्हा दोघांना एकच म्हण वापरायची,
जळक्या सुंभाची.

अण्णा, पाटा पिळतोय.

पलीकडे एक स्कूटर गेली. कुकरची शिट्टी झाली.
मग, किती पानं?
पाच.
ठोकळे आहेत?
चार इंची.
कुठल्या गाढवाने घातले?
मी नाही रे.
ते काढ आधी. उंची हवी तर कमानीत घे.
आणि एक्सलपासून पुढे चेसिसला दांडा दे,
एक्सलवर दोन जागी पक्का, वर आणि खाली,
पुढचं टोक मात्र कडीला टांग, झुलतं.
तेही जखडलंस तर चाक खाली-वर कसं जाईल?
मोडेल काहीतरी.
तो थांबला.
बाबा असते तर असंच केलं असतं, असं काही
तो म्हणाला नाही.

शनिवारी ड्वेनच्या गॅरेजमध्ये दांडा झाला.
अण्णाचं बोलणं मी सांगितलं तेव्हा
ड्वेनने कडी आधीच कापून ठेवलेली दाखवली, हसला,
आणि मुखवटा माझ्याकडे दिला.
शेवटचा टाका तू घाल.
काळ्या काचेआड एक हिरवा ठिपका,
त्याच्यापलीकडे जग नाही.
माझा टाका आला मुंग्यांची रांग पावसात सापडल्यासारखा.
ड्वेनने त्यावर ग्राइंडर फिरवला नाही.
हातोडीने दोनदा ठोकलं, म्हणाला, धरेल.

पायरीवर ट्रक चढला, इतका मुकाट
की मी खिडकीतून वाकून पाहिलं, खरंच चाललाय ना.
कडी तेवढी कुरकुरत होती.
वर पोचले तर खालून ड्वेन हातवारे करतोय,
मला वाटलं शाबासकी,
तर म्हणे दगडावर तेल टपकतंय.

तिथूनच अण्णाला फोटो टाकला.
बराच वेळ काही नाही.
मग: टाका कुणाचा?
लिहिलं, माझा. खोडलं. परत लिहिलं.

उत्तर आलं,
शंभर किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळ.
विसरशील.